शब्दाचे शेजारी

माझी धाकटी बहीण चौथीनंतर शाळेत गेली नाही, पण दिसेल ते वाचायची खोड काही तिची सुटली नाही. पुडीचा कागद, बसचं तिकीट, भिंतीवरची जाहिरात, काहीही. हॉस्पिटलच्या धुलाईघरात आम्ही दोघी एकाच हौदावर चादरी भिजवायचो. बाकीच्या चौघी पिळायच्या आणि वाळत घालायच्या.

एकदा मुकादमाने नेहमीच्या पावडरीऐवजी एक मोठा कॅन आणला. "कडक साबण आहे, डाग झटक्यात जातील," म्हणाला. डाग गेले खरे. चार दिवसांत माझ्या बोटांची सालंही निघायला लागली. मी त्याला हात दाखवले, तर म्हणाला, "थंडीने होतं असं. तेल लावत जा." मी लावत गेले. घरी दोन पोरं. कामाच्या जागी तोंड कोण उघडतं?

धाकटीने मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेला कॅन फिरवून घेतला. त्या बाजूला बारीक अक्षरांत मजकूर होता. बोट ठेवून वाचता वाचता ती एका शब्दाशी अडली. संक्षारक.

"ताई, म्हणजे काय गं?"

"मला काय विचारतेस? चादरी बघ आधी."

"शब्द ओळखीचा नाही, तर त्याचे शेजारी बघू. ऐक. 'द्रावण संक्षारक आहे. पत्र्याच्या भांड्यात ठेवू नये, भांड्यास छिद्रे पडतात.' पुढे, 'रबरी हातमोज्यांशिवाय हाताळू नये. डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटे पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे.'" माझा हात तिने उलटासुलटा करून पाहिला. "पत्र्याला खातं हे. तुझी बोटं खातंय, ताई."

तिने हात पुसले, एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

मुकादम आलाच. "बादल्या बसायला आणल्यात का?"

"हातमोजे द्या, लगेच उठते."

"साबणाला हातमोजे? वा, राणीसाहेब!"

"साबण नाही हा. संक्षारक आहे, असं लिहिलंय."

"चौथी पास बाई मला शिकवणार! अगं, संक्षारक म्हणजे स्वच्छ करणारं."

"बरं. तुमचा अर्थ घालून वाचू." तिने ठसक्यात वाचलं, "'द्रावण स्वच्छ करणारं आहे. पत्र्याच्या भांड्यात ठेवू नये, भांड्यास छिद्रे पडतात.' स्वच्छतेने भोकं पडतात होय? मग तुमच्या घरच्या भांड्यांची चाळण झाली असेल!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मुकादमाचं तोंड लाल झालं. "उठायचं नसेल तर घरी जा. तुझी ताई करेल काम. काय गं, करशील ना?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. घरची दोन पोरं डोळ्यांपुढे आली. पण बोटं ठणकत होती, आणि धाकटी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मी काय करणार याची तिला खात्रीच होती. मी हात कोरडे केले आणि दुसरी बादली पालथी घातली. मग पिळणाऱ्याही एकेक करून बसल्या.

दुपारी वॉर्डांमधून चादरींसाठी फोनवर फोन यायला लागले. मोठे साहेब खाली उतरले. त्यांनी कॅनवरचा मजकूर वाचला, माझे हात पाहिले आणि वर गेले. तासाभरात हातमोज्यांचे सहा जोड आले.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने धाकटीपुढे एक कागद ठेवला. "सही कर. काम बंद पाडलंस त्याबद्दल आहे."

तिने तो सावकाश, पहिल्या ओळीपासून वाचला.

"'दिलगिरी.' हा शब्द मला येतो," ती म्हणाली. "पण ती मला वाटत नाही. सही होणार नाही." आणि कागद त्याच्याकडे परत सरकवला.

तेव्हापासून त्याने तिला ओल्या चादरींच्या गाड्या ढकलायला लावलंय. सगळ्यात जड काम तेच. माझी बोटं बरी व्हायला दीड महिना लागला. दोन नखं वाकडीच आली. गाडी चढावर अडली की मी मागून हात लावायला जाते. "सर गं, माझं मी बघते," ती म्हणते, आणि मुकादमाच्या दारावरून मुद्दाम चाकं खडखडवत जाते.