हशाविना चार सेकंद

लोकांना हसवणं हा त्याचा धंदा नव्हता. लोक हसले असं भासवणं हा होता. विनोदी मालिकेतली माणसं आपापली वाक्यं टाकून मोकळी व्हायची. त्यावर कुठे खुदखुद, कुठे खसखस, कुठे सातमजली हसू चिकटवायचं, ते हा ठरवायचा. स्टुडिओत त्याला सगळे ‘हशा’ म्हणत. तो स्वतः वर्षातून दोनदा हसे, तेही साहेब समोर असले तर.

मालिकेचा लेखक त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त. बिनलग्नाचा, त्यामुळे दर गुरुवारी संध्याकाळी भाग बघायला याच्याच घरी.

या आठवड्याचा भाग स्टुडिओत त्याच्यापुढे आला. त्यात चार मित्रांपैकी एक जण दुसऱ्याच्या बायकोवर चोरून जीव लावून बसतो, आणि तीही त्याच्यावर. विषय चावून चोथा झालेला. हशानं पहिली दहा मिनिटं जांभया देतच भरली. मग पडद्यावरची बायको त्या मित्राला म्हणाली, “आमचे हे झोपेत उशीचा कोपरा मुठीत घट्ट धरतात. सोडवायला गेलं, तर रडवेले होतात!”

हशाचं बोट बटणावरच थिजलं.

ती मूठ त्याची होती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोनं त्याला हे सांगितलं होतं, आणि कुणाला बोलणार नाही अशी शपथ त्यानं तिला घातली होती. बावीस वर्षं झाली.

दिग्दर्शक मागून डोकावला. “इथे दणकून लाव. छप्पर उडालं पाहिजे.”

“उडवतो.”

“तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?”

“जन्मापासून असंच आहे.”

त्यानं छप्पर उडवलं नाही. गप्पांच्या ओघात सांगितलं असेल तिनं लेखकाला, असं तो स्वतःला समजावत होता. सरळ विचारायची छाती नव्हती. म्हणून त्या वाक्यापुढची चार सेकंद त्यानं कोरे सोडले. मशीन गप्प बसलं, की घरातलं ऐकू येईल. बायको हसली तर संसार शाबूत. पकडलं जायची भीती नव्हती; हशा नीट लागलाय का हे कुणी कान देऊन तपासत नसे.

गुरुवारी तिघं नेहमीसारखी सोफ्यावर बसली. हशा मध्ये.

“भाऊजी, आज साखर कमी पडलीय का?”

“नाही वहिनी, झकास झालाय चहा.”

ते वाक्य आलं. मग टीव्ही मुका झाला. पडद्यावरची बायको हशा संपायची वाट बघत, तोंडावर हसू धरून उभी राहिली. एक सेकंद. डावीकडे कपबशी किणकिणली. दोन. तीन.

“लिहू नका म्हटलं होतं ना मी,” बायको हळूच म्हणाली.

हशाच्या डोक्यावरून, पलीकडच्याला.

चौथा सेकंद संपला आणि पुढच्या फालतू विनोदावर टीव्हीतली माणसं खदाखदा हसली. ते हसूही त्यानंच लावलं होतं, आणि चोख लागलं होतं.

लेखकानं चष्मा काढून पुसायला घेतला. “मला वाटलं, तुझ्या लक्षात येणार नाही,” तो हशाला म्हणाला. “तू कुठे ऐकतोस? तू तर फक्त जागा बघतोस.”

हे मात्र खरं होतं.

“कधीपासून?” हशानं टीव्हीकडे बघतच विचारलं.

बायकोनं कपबशी खाली ठेवली. मग म्हणाली, “दोन वर्षं.”

दोन वर्षं म्हणजे शंभरेक गुरुवार. दर गुरुवारी तो याच जागी, दोघांच्या मध्ये बसला होता. आणि त्याला कधी चुकूनही दोघांचा उसासा ऐकू आला नाही, कारण दर अर्ध्या मिनिटाला त्यानं दोघांना पुरेल एवढा हशा भरून ठेवला होता.

“आवाज बंद कर ना,” बायको म्हणाली.

“राहू दे,” तो म्हणाला. “बंद केला, तर बोलावं लागेल.”