दादाचा नवा पत्ता

बाबांना ऐकू येत नाही. म्हणजे फोनचा प्रश्नच नाही; त्यांच्याशी बोलायचं तर वहीत लिहून, नाहीतर ईमेलवर. ईमेल मीच उघडून दिला. वर्षभरात लॉटरी लागल्याचं सांगणाऱ्या चार भामट्यांनी त्यांना गाठलं, तेव्हा वैतागून मी नियम लावला: माझ्या यादीतल्या पत्त्यांवरून आलेलं तेवढं बाबांना दिसेल, बाकी सगळं 'कचरा' नावाच्या कप्प्यात. रविवारी माझं चष्म्याचं दुकान बंद, त्या दिवशी मी तो कप्पा साफ करायची. मोठी शहाणी ना मी.

दादा बाबांशी भांडून घर सोडून गेला होता. कारण सांगण्यासारखं नाही, दोघांचे स्वभाव हेच कारण. बाबांचा हेका एकच, "आधी त्याने लिहावं." आणि दादाने लिहिलं की! नोकरी बदलली होती, म्हणून नव्या पत्त्यावरून लिहिलं. ते कचऱ्यात पडलेलं मला पहिल्याच रविवारी दिसलं.

"बाबा, चुकलो. भेटायला येऊ का?" एवढंच होतं.

खरं सांगते, मी दाखवायलाच निघाले होते. तेवढ्यात बाबा म्हणाले, "तू आहेस म्हणून माझं निभतंय गं. मुलगा काय कामाचा?" उभ्या जन्मात ते मला असं बोलले नव्हते. कौतुक सगळं दादाचं, उष्टी-खरकटी काढायला मी. म्हटलं, दोन दिवस ऐकून तर घेऊ. दोन दिवसांचे तीन महिने झाले आणि पत्रं पाच झाली. एकही पुसलं नाही, तेवढीच काय ती लाज शिल्लक होती.

पाचव्यात होतं, "आता विचारणार नाही."

बाबांना खुर्चीत बसवून पाचही उघडून दिली. त्यांनी वाचली, पहिलं दोनदा.

"तुला कधी कळलं?"

पहिल्यापासून, असं मी वहीत लिहिलं.

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग कीबोर्ड ओढून एका बोटाने टाइप करू लागले. मी मागे उभी राहून वाचत होते.

"तुझी पत्रं आज वाचली. मला हे यंत्र नीट जमत नाही, माझ्याच हातून भलतीकडे गेली. तुझ्या बहिणीने शोधून दिली. ये."

त्यांनी ते पाठवलं. मी त्यांना थांबवलं नाही.