चार जागा आत

मी एक फाइल बोलतेय. पुठ्ठ्याची, नाडीने बांधायची ती नव्हे. संगणकातली, आणि त्यातही अगदी साधी. माझ्यात रंग नाहीत, चौकटी नाहीत, ठळक अक्षरं नाहीत. नुसत्या ओळी. काही डाव्या कडेला टेकलेल्या, काही चार जागा आत, काही आठ. हे आत सरकणं सजावटीसाठी नाही. कोण कुणाचं, हे माझ्यात तेवढ्यावरूनच कळतं. आणि त्यावरूनच एकदा एका माणसाच्या जिवावर बेतलं होतं.

मी जिथे जन्मले ते ऑफिस घरी वापरायची ऑक्सिजन मशीन पुरवतं. फुप्फुसं थकलेल्या माणसांच्या उशाशी ही मशीन घरघरत असतात. वीज गेली की बॅटरीवर चालतात. कुणाची बॅटरी चार तास टिकते, कुणाची दोन. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. मागच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल आणि चार्जरला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग. पुढच्या खोलीत फोन, संगणक आणि ताई. पन्नाशीची बाई, पण मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीपासून ऐंशीच्या पेशंटपर्यंत सगळ्यांची ताईच.

ती कामाला लागली तेव्हा पेशंटची माहिती पत्र्याच्या पेटीत, कार्डांवर होती. प्रत्येक कार्डावर फोनसाठी एकच रेघ.

"एका माणसाला एक नंबर पुरतो होय?" ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली. "ज्याला दम लागलाय तो फोन उचलणार कसा? लेकीचा हवा, शेजारणीचा हवा, किल्ली कुणाकडे असते ते हवं."

आणि तिने संगणकावर एक कोरं पान उघडलं. ती मी.

तिची रीत सोपी होती. पेशंट कडेला. त्याचं जे काही असेल ते त्याच्याखाली, चार जागा आत. त्याच्या माणसांचं जे काही असेल ते त्या माणसाखाली, आणखी चार जागा आत. नावंही तिने तिच्या पद्धतीने लिहिली. "आडनावं विसरतात गं," असं ती स्वतःशीच पुटपुटायची, "धंदा नाही विसरत." म्हणून माझ्यात बाहुल्या शिवणाऱ्या आजी होत्या, लायब्ररीवाल्या बाई होत्या, शिंपीकाका होते. आणि घड्याळकाका. त्यांची नोंद अशी:

घड्याळकाका
    घरचा फोन (ऐकू कमी येतं, खूप वेळ वाजू द्यावा)
    शिंपीकाका
        दुकानाचा फोन
        घराची किल्ली यांच्याकडे
    बॅटरी चाळीस मिनिटं, जुनी झालीय, बदलायची

सहा वर्षं मी अशी वाढत गेले. एकतीस पेशंट, शंभरावर नंबर. माणसं नंबर बदलतात आणि कळवायचं विसरतात, हे मला लवकर समजलं. "हा आता कायमचा हं" असं सांगितलेला नंबर सगळ्यांत आधी बदलतो. कुणी पेशंट गेला तरी ताई त्याची नोंद लगेच पुसत नसे. महिन्याभराने लेकीला किंवा सुनेला एक फोन करायची, जेवताय का, झोपताय का विचारायची, आणि मग ती नोंद काढायची.

मग ऑफिसात नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण नीटनेटकेपणाचं भारी वेड. त्यांनी नवा प्रोग्रॅम विकत घेतला. तो इंटरनेटवर चालायचा आणि त्यात प्रत्येक गोष्टीला ठरलेली चौकट होती. माझ्यातली माहिती त्यात भरायला संगणकवाल्याला बोलावलं. तो आला तेव्हा ताई जेवायला उठली होती. त्याने मला उघडून पाहिलं.

"केवढ्या या मोकळ्या जागा!" तो म्हणाला, आणि एका आज्ञेत त्या सगळ्या काढून टाकल्या. दोन नोंदींमधल्या रिकाम्या ओळीही गेल्या. मग मला तशीच सेव्ह केली. जुनी प्रत? ठेवली नाही. सगळं आता नव्या प्रोग्रॅममध्ये आहेच की!

मी काय बोलणार? माझ्यातलं एक अक्षर हरवलं नव्हतं, पण आता सगळे घोडे बारा टक्के. पेशंट, शेजारी, लेकी, जावई, साऱ्या ओळी कडेला एकाखाली एक, खांद्याला खांदा लावून उभ्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. एका गल्लीची नव्हे, सगळ्या शहराची. कुठलंसं मोठं उपकेंद्र बंद पडलं होतं. ऑफिसचा इन्व्हर्टर चालू झाला, पंखा थांबला, दिवा राहिला. साहेबांनी नवा प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर एक चाक गोल गोल फिरत राहिलं. इंटरनेट बंद होतं.

"ताई, तुमची ती जुनी यादी काढा," साहेब म्हणाले.

तिने मला उघडलं.

"हे काय केलंय हो? हे... हे कुणी केलं?"

उत्तर ऐकायला वेळ नव्हता. मागच्या खोलीतून मिस्त्री हातात दोन बॅटऱ्या घेऊन आला होता. "ताई, गाडी चालू आहे. आधी कुठे जाऊ तेवढं सांग."

कमी वेळाची बॅटरी आधी, हा नियम. तिने 'मिनिटं' हा शब्द शोधायला लावला. एकच ओळ सापडली: बॅटरी चाळीस मिनिटं. तिने नजर वर नेली. घराची किल्ली यांच्याकडे. दुकानाचा फोन. शिंपीकाका.

"शिंपीकाकांकडे!" ती म्हणाली. "पळ!"

मिस्त्री गेला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठे आहे? माझी खूण माझ्यातून काढून घेतली होती.

ताईने खुर्ची पुढे ओढली. "साहेब, मी एकेक नोंद लावते आणि नंबर सांगते, तुम्ही फोन करा. मशीन बॅटरीवर गेलंय का विचारायचं, पंखा-बिंखा काही त्याच्यावर लावू नका म्हणायचं."

आणि ती वरून सुरुवात करून मला पुन्हा लावू लागली. चार जागा. चार जागा. आठ. प्रत्येक ओळीपाशी थांबून ती मोठ्याने बोलत होती. "ही नर्स कुणाची सून? लायब्ररीवाल्या बाईंची. आत घे. हा रिक्षावाला... हा पेशंट नव्हे, हा बाहुलीवाल्या आजींचा भाचा. आत घे." साहेब एकामागून एक फोन लावत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. एकदा त्यांनी एका धडधाकट जावयालाच विचारलं, "आपल्याला दम तर लागत नाही ना?" पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, साहेबांनी गप्पकन फोन ठेवला. एरवी ताई पोट धरून हसली असती.

अकरा अडतीस. अर्ध्याच्या खाली आल्यावर एका ओळीपाशी तिची बोटं थबकली.

शिंपीकाका. पुन्हा एकदा. त्याखाली त्यांच्या बायकोचा नंबर, आणि त्याखाली: बॅटरी तीन तास, नवी.

ती झरझर वर गेली. घड्याळकाका. मघाशी त्यांचा फोन कुणी उचलला नव्हता, आणि खालच्या शिंपीकाकांकडे मिस्त्री गेलाच होता, म्हणून ती पुढे सरकली होती. त्यांच्याखालचे शिंपीकाका ही वेगळी नोंद नव्हतीच. ते चार जागा आत होते. आणि ती चाळीस मिनिटं...

"अगं आई गं. ही बॅटरी घड्याळकाकांची. मी मिस्त्रीला भलत्याच घरी पाठवलं."

तिने मोबाइल उचलला आणि आवाज मोठा करून माझ्याशेजारी ठेवला. मिस्त्री नुकताच पोचला होता. त्याच्यामागून शिंपीकाकांचा आवाज येत होता, "माझ्याकडे कशाला आलास रे? माझं झकास चाललंय."

"काकांकडून घड्याळकाकांची किल्ली घे," ताई म्हणाली. "त्यांच्याकडेच असते. आणि उडत जा."

"इथून पंधरा मिनिटं लागतील ताई. सिग्नल सगळे बंद आहेत."

"माहीत आहे. जा."

चाळीस मिनिटं अकरा पन्नासला संपणार होती. साहेबांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला. गाडी निघते म्हणाले, पण गर्दीत अडकेल असंही म्हणाले. मग त्यांनी घड्याळकाकांचा फोन पुन्हा लावला. दहा वेळा घंटा वाजली. पंधरा वेळा.

"उचलत नाहीत," साहेब म्हणाले आणि फोन ठेवू लागले.

"ठेवू नका!" ताईने त्यांचा हात धरला. "ऐकू कमी येतं त्यांना. वाजू दे."

फोन वाजत राहिला. कापला गेला. पुन्हा लावला. अकरा बावन्नला कुणीतरी फोन उचलला. पलीकडे शब्द नव्हते, नुसता तुटक श्वास आणि मागे मशीनची पिपाणी, टी टी टी.

"काका, मी ताई!" ती एवढ्या जोराने ओरडली की साहेब दचकले. "बोलू नका. खुर्चीवर बसा. पुढे वाका, टेबलावर कोपरं टेका. शीळ घालतो तसे ओठ करा आणि हळूऽऽ श्वास सोडा. मी मोजते. एक... दोन... तीन... चार. आता घ्या नाकाने. परत सोडा. एक... दोन..."

ती मोजत राहिली. तिचा आवाज फाटला, घसा बसला, तरी आकडे चुकले नाहीत. साहेब तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते. मधेच पलीकडचा श्वास ऐकू येईनासा झाला. तिचे डोळे मिटले, पण ती मोजतच होती.

अकरा सत्तावन्नला कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग धावती पावलं, काहीतरी आपटलं, मिस्त्रीचं "काका, हात सोडा, नळी लावतो". आणि ती पिपाणी थांबली. तिच्या जागी घरघर.

ताई डोकं टेबलावर ठेवून हमसून हमसून रडली. मग नाक पुसून म्हणाली, "साहेब, अजून अकरा जण राहिलेत. पुढचा नंबर घ्या."

बाकी सगळे सुखरूप राहिले. घड्याळकाकांना ॲम्ब्युलन्स घेऊन गेली. नऊ दिवस ते दवाखान्यात होते, त्यातले तीन नाजूक. त्या नऊ दिवसांत ताईने धड जेवण केलं नाही. वीज तिने घालवली नव्हती, जागा तिने पुसल्या नव्हत्या. पण "वाचलं मीच चुकीचं" एवढं एकच ती म्हणत राहायची.

संगणकवाला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "ताई, मला वाटलं मोकळ्या जागा म्हणजे कचरा."

"बाबा रे," ती म्हणाली, "घरातल्या सगळ्या भिंती पाडल्या तर घर मोठं झालं म्हणशील का?"

एवढंच. त्यानंतर तिने त्याला चहा दिला आणि शेजारी बसवून त्याच्याकडून नव्या प्रोग्रॅममध्ये पेशंटच्या माणसांसाठी जास्तीच्या चौकटी करून घेतल्या. साहेबांनी कुणी न सांगता माझ्या छापील प्रती काढल्या, एक गाडीत, एक भिंतीवर. दर सोमवारी ते स्वतः नवी प्रत लावतात.

मी आता दुय्यम झाले आहे, ते मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्याही घरात अशी एखादी यादी असेल: वहीच्या मागच्या पानावर, कपाटाच्या दारावर, आईच्या मोडक्या हस्ताक्षरात. तिच्यातली एखादी गोष्ट तुम्हाला वेडीवाकडी वाटली, तर नीट करण्याआधी लिहिणाऱ्याला विचारा. ते तसं का आहे, हे एकट्या त्यालाच माहीत असतं.

महिन्याभराने घड्याळकाका ऑफिसात आले. नाकाला नळी, खांद्याला लहान सिलिंडर, सोबत मिस्त्री. ताईच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि पडद्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाले, "माझं पान दाखव."

तिने दाखवलं. चष्मा सरसावून त्यांनी एकेक ओळ वाचली. मग खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली.

"शिंप्याकडे एक राहू दे. ही तुझ्याकडे. लिही."

सहा वर्षांत माझ्यात शंभरावर माणसं आली-गेली, पण ताई स्वतः कुठेच नव्हती. तिने घड्याळकाकांच्या नोंदीत एक ओळ मोकळी केली, चार जागा आत जाऊन लिहिलं, 'ताई'. खाली आठ जागा आत तिच्या घरचा नंबर. आणि त्याच्याखाली: दुसरी किल्ली हिच्याकडे.