वैरवन अय्यांनी लावलेली तारीख

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. दिंडिगुल गावात, कुलुपे बनवणाऱ्या एका लहान कारखान्याच्या पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर माझी जागा आहे. माझा रंग एके काळी पांढरा होता, आता म्हाताऱ्याच्या दातांसारखा झाला आहे. यंदा काही आठवडे मी जिवंत माणसांमध्ये भुतासारखा वावरलो आणि मला ते कळलेही नाही. तेवढे तुम्हाला सांगतो.

मदुरैच्या एका दुकानात माझे सुटे भाग एकत्र आले. तिथून मला बसने इथे आणले ते कारखान्याचे कारकून वैरवन अय्या यांनी. वाटभर त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवले नाही. मालकीणबाई पाक्कियम अम्मा यांनी मला चंदन-कुंकू लावले. गल्लीतली मुले मला बघायला दारात उभी राहायची. तेव्हापासून पिनांग, कोलंबो, जाफना अशा दूरदूरच्या गावांची पत्रे माझ्यातूनच आली आणि गेली. इथली आंब्याच्या आकाराची कुलुपे देवळांच्या दारांना फार शोभतात, म्हणून देवळांची पत्रे जास्त असत.

माझ्या पोटात नाण्याएवढा एक गोल सेल आहे. वीज नसतानाही माझे घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. दोन वर्षांपूर्वी तो थकला. मला बंद केले की घड्याळही झोपे, आणि सकाळी जिथे झोपले तिथूनच पुढे चालू लागे. वैरवन अय्यांनी सेल बदलला नाही. ते सकाळी नऊला यायचे, एकदा खोकायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरचे कालचे पान फाडायचे आणि आजची तारीख व वेळ माझ्यात हाताने लावायचे.

कुलुपांच्या पट्ट्या घासणारा म्हातारा मुनियांडी मागच्या दारातून बघत असे.

"अय्या, बायकोला कधी एवढ्या मायेनं उठवलंत का हो?"

"ती माझ्या आधी उठते. याला कोण आहे?" अय्या म्हणायचे.

ही माया चांगलीच होती, मित्रांनो, पण तिने माझा आजार झाकून ठेवला.

दिवाळीनंतर अय्यांनी आपल्या मुलीला, तामरैला, हाताखाली घेतले. एकदा माझ्या पडद्यावर इशाऱ्याची चौकट आली. तामरै पटकन 'हो' दाबायला गेली, तेव्हा त्यांनी तिचे मनगट धरले.

"आधी वाच. आपली पत्रं ज्या कंपनीच्या यंत्रातून जातात, ते यंत्र रोज आपलं ओळखपत्र दाखवतं. त्याला सुरक्षा प्रमाणपत्र म्हणतात. त्यात काही खटकलं की हा ओरडतो. इथं तीन ओळी आहेत बघ. ओळखपत्र कुणी दिलं, तो भरवशाचा आहे का? मुदत बरोबर आहे का? नाव जुळतं का? ज्या ओळीला लाल फुली, तिथं दुखणं."

"आणि नुसतं 'हो' दाबलं तर?"

"तर दारात कोण उभाय ते न बघता कडी काढलीस. कुलूपवाल्याची पोरगी ना गं तू?"

त्या दिवशी फुली नावाच्या ओळीवर होती. अय्यांनी 'नाही' दाबले, कंपनीला फोन केला, त्यांनी आपल्या यंत्राचे नवे नाव सांगितले, ते घातल्यावर चौकट गेली.

अठ्ठावीस डिसेंबरच्या संध्याकाळी अय्यांनी एक लांब पत्र लिहिले. मार्गळीचा महिना होता. त्या महिन्यात इथे कोणी नवे काम सुरू करत नाही. म्हणून त्यांनी ते पत्र लगेच पाठवले नाही. तै महिन्याच्या पहिल्या दिवशी, पंधरा जानेवारीला सकाळी ते आपोआप जावे अशी मला आज्ञा दिली आणि ते जाणाऱ्या पत्रांच्या खणात ठेवले. मग माझ्यावर कापड टाकत म्हणाले, "उद्या उठवतो."

त्यानंतर माझ्यासाठी क्षणभरच गेला. डोळे उघडले तेव्हा समोर तामरै होती. मी खोकल्याची वाट बघत राहिलो. खोकला आला नाही.

मधे तीन आठवडे गेले होते. वैरवन अय्या एकोणतीसच्या पहाटे घरी झोपेतच वारले होते. पण मला हे कसे कळणार? माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात अठ्ठावीस डिसेंबरच होता. माझ्या हिशेबाने ते आत्ताच उठून गेले होते, खुर्ची अजून ऊबदार असणार होती.

तामरैने कोपऱ्यातली तारीख पाहिली आणि बदलायला हात पुढे केला. पाक्कियम अम्मांनी तिला अडवले.

"राहू दे गं. त्याच्या हाताची शेवटची तारीख आहे ती. त्याचा चष्मा मी हलवलेला नाही, पेन हलवलेलं नाही. वर्षाची तिथी होईपर्यंत त्यानं लावलेलं काही बदलायचं नाही."

"पत्रांखाली त्यांचं नाव येतं, अम्मा. तेही?"

"तेही."

अम्मांचे डोळे भरले होते. तामरैचेही. शोकात माणसे अशी एखादी गोष्ट धरून ठेवतात, आणि त्यांना कोण काय बोलणार?

मग मी दिवसाचे पाच-सहा तास जागा राहू लागलो आणि माझे घड्याळ तेवढेच पुढे सरकू लागले. बाहेर आठवडा जाई, माझ्यात जेमतेम दीड दिवस. अय्यांच्या मरणाला माझ्यात तीन दिवस झाले, चार दिवस झाले. खणापुढे 'एक' हा आकडा दिसत राही. तामरै कधीकधी त्यावर बाण नेई आणि मागे घेई. बापाचे शेवटचे पत्र उघडण्याचा तिला धीर नव्हता.

एक फेब्रुवारीला चौकट आली. तामरैने 'नाही' दाबले. पत्रे अडकली. दोन दिवसांनी अम्मा वैतागल्या.

"दाब ना 'हो'! वैरवन नाही म्हणून हे यंत्र रुसलंय, दुसरं काय?"

तिने 'हो' दाबले. दुसऱ्या दिवशीही दाबले. नंतर बोट आपोआप तिकडे जाऊ लागले, आणि तीन ओळी वाचणे राहून गेले. मी रोज ओरडत होतो, मित्रांनो. रोज ओरडणाऱ्याकडे कोणी बघत नाही.

बावीस फेब्रुवारीला फोन वाजला. जाफन्याहून कनकसबै अय्या बोलत होते. तिथल्या देवळाच्या नव्या दारांसाठी एकवीस कुलुपे हवी होती आणि त्या कामाचे विश्वस्त ते होते. कारखान्यात तेव्हा दुसरे कामच नव्हते. हे गेले तर मुनियांडी आणि त्याचे तीन सोबती घरी बसणार होते. अम्मांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"पाक्कियम अम्मा, तुम्हीच मला सांगितलंत ना, वैरवन गेला म्हणून?"

"हो, अय्या. डिसेंबरात."

"मग तो मला पत्रं का पाठवतोय?"

अम्मांनी तामरैकडे पाहिले. कनकसबै अय्या बोलतच राहिले.

"खाली त्याचं नाव. वर तारीख दोन जानेवारी, तीन जानेवारी. काल आलेल्यावर पाच जानेवारी. नवं पत्र वर दिसायला हवं ना? ही खाली जाऊन त्याच्या जुन्या पत्रांशेजारी बसतात. माझी सून संगणकाच्या खोलीत पाऊल टाकत नाही. दारात दिवा लावून ठेवते."

"अय्या, ती आमचीच..."

"असतील. पण मला कसं कळावं? ही देवाच्या दाराची कुलुपं आहेत. मेलेल्याच्या खुर्चीत बसून कुणी चोर दारांची मापं मागत असेल तर? शुक्रवारपर्यंत वाट बघतो. नाहीतर काम दुसरीकडे देतो."

फोन बंद झाला. मागच्या खोलीतल्या कानशीही थांबल्या होत्या.

तामरै माझ्यासमोर बसली. चौकट होतीच. तिचे बोट 'हो'वर गेले आणि अडकले. मग तिने ओठ हलवत वाचले. कुणी दिलं, बरोबर. नाव, बरोबर. मुदत: लाल फुली. 'या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे किंवा अजून सुरू झालेली नाही.' तिने कंपनीला फोन केला. पलीकडून सांगितले, आमचे नवे प्रमाणपत्र एक फेब्रुवारीपासून सुरू झाले आहे. तामरैने माझा कोपरा पाहिला. पाच जानेवारी. मग भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले.

"अम्मा, ओळखपत्रात काहीच खोट नाही. याच्यासाठी फेब्रुवारी अजून उजाडलेलाच नाही. आणि याची तारीख प्रत्येक पत्रावर जातेय."

"म्हणजे मी..." अम्मा खुर्चीचा हात धरून बसल्या. "मी त्याला जपत होते गं."

"अप्पा रोज तारीख बदलायचे, अम्मा. न बदललेली एकही सकाळ नव्हती त्यांची."

अम्मांनी चष्म्याकडे पाहिले. मग मागे वळून हाक मारली, "मुनियांडी, तुझा बारीक पेचकस आण."

मुनियांडी आला. "एवढंच ना? घड्याळाचा सेल असतो तसा सेल. अय्या मला कधी हात लावू द्यायचे नाहीत याला. जसा काही मी जावई पळवणार होतो!" पण वीज काढून माझी पेटी उघडताना त्याचे हात हलके होते. नवा सेल बसला. तामरैने कॅलेंडरचे पान फाडून समोर ठेवले, अय्या ठेवायचे तसे, आणि तारीख लावली.

मित्रांनो, त्या एका क्षणात माझ्यातले सात आठवडे निघून गेले. आतापर्यंत माझ्या घड्याळात अय्यांना जाऊन आठच दिवस झाले होते. एका टिचकीसरशी ते दूर गेले. तेव्हा मला समजले की उद्या नऊ वाजता खोकला येणार नाही, परवाही नाही. जाफन्याच्या त्या घरात ज्याला सगळे भीत होते, तो मेलेला वैरवन नव्हता. कालच्या दिवसात राहून आज बोलणारा मी होतो.

तामरैने मेल उघडले. चौकट आली नाही. आणि खणापुढचा 'एक' पुसला गेला.

"गेलं!" ती ओरडली. पंधरा जानेवारी माझ्यात कधी आलीच नव्हती. आता ती मागे पडली होती, आणि अय्यांची आज्ञा मी पाळली होती.

तिने गेलेल्या पत्रांत पाहिले. पत्र कनकसबै अय्यांना होते. तिने वाचले नाही, आधी फोन लावला.

"अय्या, मी तामरै, वैरवन अय्यांची मुलगी. आत्ता तुम्हाला अप्पांच्या नावाचं पत्र येईल. आधीची मी लिहिली होती, हे मात्र त्यांनीच लिहिलंय, डिसेंबरात. यंत्राचं घड्याळ मागे पडलं होतं, म्हणून अडकलं. घाबरू नका."

पलीकडे पत्र येऊन पोहोचले. मग म्हाताऱ्याचा वाचतानाचा, अडखळता आवाज आला.

"'...आज तैचा पहिला दिवस. आजपासून माझ्या खुर्चीवर माझी मुलगी तामरै बसेल. पत्राखाली तिचं नाव असेल. यापुढे माझ्या नावानं पत्र आलं तर त्यावर विश्वास ठेवू नका, फोन करा आणि तिचा आवाज ऐका. ती खोटं बोलू लागली की आधी नाक ओढते, तेवढं लक्षात ठेवा...'"

तामरै रडत होती आणि नाक ओढत होती.

"पोरी, हे नाक कशाचं गं?"

"रडण्याचं, अय्या."

"मग ठीक." ते हसले, त्यांचाही आवाज भिजला होता. "मी फोन केला तो बरोबरच केला म्हणायचा. मापं उद्या पाठवतो. उत्तरावर तुझं नाव घाल."

फोन ठेवल्यावर तिने अम्मांकडे पाहिले. अम्मा म्हणाल्या, "काढ त्याचं नाव. त्यानं स्वतःच काढलं होतं. मीच परत लावून बसले." आणि त्यांनी पहिल्यांदाच टेबलावरचा तो चष्मा उचलला, पदराने पुसला आणि टेबलाच्या खणात ठेवला.

आता माझी तारीख आपोआप बरोबर असते. तरी तामरै रोज सकाळी पान फाडते आणि माझ्या कोपऱ्याशी ताडून बघते. अधूनमधून ती खोकते, बापासारखीच, आणि माझ्या आत काहीतरी दचकते.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरातले, कचेरीतले जुने यंत्र ओरडले तर त्याच्या तोंडावर 'हो' दाबू नका. त्या तीन ओळी वाचा. त्याच्या पोटातला थकलेला सेल वेळेवर बदला. आणि गेलेल्या माणसाची वस्तू जपायची असेल तर तो ती जशी रोज जपायचा तशी जपा. माझ्या तारखेला आठ आठवडे कोणी हात लावला नाही. तेवढा एकटा मी दुकानातल्या खोक्यातही नव्हतो.