थांबा, ढोल येऊन राहिला

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे, पायानं वाजवायचा, मोठा. वऱ्हाडात मला ड्रम कोणी म्हणत नाही, सगळ्यांसाठी मी ढोलच. अकोल्याच्या एका कारागिरानं मला घडवलं आणि अचलपूरच्या ललितनं कॉलेजात असताना मला घेतलं. त्याच्या रॉक बँडचं नाव 'सरकी'. तेच माझ्या तोंडावर लाल रंगानं लिहिलं. आज रंग उडाला, बँडवाल्यांचे केस पिकले, पण 'सरकी' अजून वाजते आहे.

कार्यक्रम असायचे मूर्तिजापूरला, अकोल्याला. जायचं कशानं? एसटीचा कंडक्टर मला पाहूनच हात जोडायचा. मग उरली अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणारी छोटी आगगाडी. तिचे गार्ड नत्थुजी मला आपल्या डब्यात घेत, पोत्यांवर नीट बसवत. आणि आमची पोरं? जन्माची आळशी! गाडीची वेळ टळून जायची, तेव्हा कुठं माझी सायकलरिक्षा स्टेशनात शिरायची. प्रवासी कावलेले असायचे. नत्थुजी मात्र हिरवी झेंडी काखेत दाबून उभे. "थांबा लेकहो, ढोल येऊन राहिला," म्हणायचे.

आणि आम्ही काय केलं? त्याच गाडीवर गाणं रचलं.

'बैलबंडी गेली, सायकल गेली,
मागून आली गाडी!'

इथं मी एकदम थांबायचो, गाडीला धाप लागली असं दाखवायला. लोक हसून हसून लोळायचे. त्या एका थांबण्यानं 'सरकी'चं नाव झालं. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू! पुढं गाडी बंद पडली. गाणं चालूच राहिलं.

परवा अचलपूरच्या त्याच स्टेशनासमोर सभा होती. आमची गाडी परत सुरू करा, म्हणून गावोगावचे लोक जमले होते. गाडीचं गाणं आमचं, म्हणून आम्हालाही बोलावलं. ललित मला मांडत होता, तेवढ्यात एक म्हातारी जवळ आली आणि माझ्या कडेवरून हात फिरवू लागली.

"हाच ना तो ढोल? मी गोदाबाई. नत्थुजी गार्डाची घरवाली."

ललित वाकून पाया पडला. "काकाजी कसे आहेत?"

"गेले ना बाप्पा, मागच्या साली. या ढोलापायी लय बोलणी खाल्ली त्यायनं. साहेब इचारे, गाडीले उशीर कशापायी होते? हे गुमान आयकून घेत. मले म्हणत, ढोल मांगं राहिला तं पोरं वाजवतीन काय?"

ललितचा चेहरा उतरला. "काकू, ते गाणं... काकाजीनं आयकलं होतं?"

"आयकलं ना! मी म्हटलं, हे तं आपल्या गाडीले हासून राहिले. तं म्हणे, हासू दे, गाडीचं नाव तं घेतात. वाजव बाप्पा तेच. मी त्याच्यासाठीच आली."

मित्रांनो, धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

गाणं सुरू झालं. 'मागून आली गाडी'पाशी मी थांबलो. लोक हसले, नेहमीसारखेच. आता ललितचा पाय पडायचा होता, पण तो काही पडेना. गिटारही थांबली. लोक चुळबुळ करू लागले. कोणीतरी ओरडलं, "अबे, वाजव ना!"

तेव्हा गोदाबाई उठल्या. लोकांकडे वळून त्यांनी हात वर केला.

"थांबा लेकहो, ढोल येऊन राहिला."

ललितनं माझ्यामागे तोंड लपवलं. मला लपायलाही कोणाची पाठ नव्हती.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, ओल लागू देऊ नका, असं मागायचं माझं वय. पण माझं मागणं वेगळं आहे. कोणाला उशीर झाला म्हणून हसू आलं, तर आधी विचारा, तो कोणासाठी थांबला होता. नत्थुजी आमच्यासाठी थांबले होते, आणि आम्ही त्यावरच टाळ्या घेतल्या.