डाव्या अंगाची गाठ

कोळवणच्या गवत सोसायटीचा दाब, म्हणजे गवताच्या गासड्या बांधायचं यंत्र, ओढ्याकाठच्या जांभळीखाली उभा होता. माणसाच्या उंचीची सागवानी पेटी, तिच्यावर लोखंडी मळसूत्र आणि मळसूत्राला आडवी दांडी. पेटीत गवत तुडवून भरायचं, वर झाकण ठेवायचं आणि दोघांनी दांडी धरून गोल फिरायचं. झाकण खाली सरके तसं छातीएवढं गवत गुडघ्याएवढं होई. मग पेटीचे दरवाजे उघडून, तळाच्या खाचांतून आधीच ओवून ठेवलेली सुतळी वर ओढायची आणि दाब न सोडता बांधायची. दाब आला त्या छप्पन सालापासून हे बांधण्याचं काम कोंडिबाचं होतं. मळसूत्रात अडकलेला भुसा काढणं, त्याला वंगण घालणं, फुगलेल्या फळ्यांना रंधा मारणं हेही त्याचंच. संध्याकाळी दांडीची खीळ काढून तो घरी नेई. खिळीवाचून दांडी फिरत नसे.

दाब सोडला की गासडी फुगते आणि साधी गाठ सरकते. कोंडिबा एक वेढा जास्त घेई आणि सुतळीचं टोक उजवीकडून त्या वेढ्याखाली खुपसे. गासडी जेवढी फुगे तेवढी ही गाठ आवळत जाई. पुण्याच्या वखारीत बाकी गावांच्या गासड्या मधोमध चिरून बघत. कोंडिबाची गाठ दिसली की चिरत नसत, तशीच थप्पीला लावत. कोळवणच्या गवताला भाव होता तो पवन्या जातीमुळे, असं सगळे म्हणत. पण पवन्या शेजारच्या गावांतही होता.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. कोंडिबा तापातून नुकताच उठला होता आणि मळसूत्राला तेलाचा बोळा फिरवत होता, तेवढ्यात वखारीचा ट्रक येऊन थांबला. मुकादम हैबतराव उतरले. एरवी ते उतरले की आधी तंबाखू मागत. आज त्यांनी मागची फळी पाडली आणि एक गासडी जमिनीवर लोटून दिली.

"हात घाल आत," ते म्हणाले.

गासडी एका बाजूनं चिरलेली होती. कोंडिबानं कोपरापर्यंत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. आत आच होती, नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी. हाताला काळं, चिकट गवत लागलं होतं, त्यावर पांढरी बुरशी. गवतात ओल राहिली आणि ते दाबून बांधलं की आतल्या आत कुजतं, कुजताना तापतं, आणि ती आच बाहेर जायला वाट मिळत नाही. हे कोंडिबाला नवं नव्हतं. म्हणून तर तो प्रत्येक भारा हातात चुरगाळून, काडी कडकन मोडते का बघून मगच पेटीत टाकू देई.

"परवा थप्पीतनं धूर निघाला," हैबतराव म्हणाले. "नशीब, दिवसाउजेडी निघाला. उपसलं तर अशा बारा निघाल्या. सगळ्यांवर तुझी गाठ. मी मालकाला छातीठोक सांगत आलो, कोंडिबाची गासडी उघडायची न्हाई म्हणून. आता काय सांगू?"

बोलणं ऐकून माणसं जमली. सोसायटीचा कारभार बघणारे कुशातात्या आले. कोंडिबाचा मेहुणा भिवाजी दांडीपाशीच होता. या हंगामात दांडी ओढायला कोंडिबानंच त्याला लावलं होतं.

"कोंडिबा असलं बांधायचा न्हाई," कुशातात्या म्हणाले. "गाठ बघून-बघून कुणीबी शिकंल."

"मग शिकला कोण ते सांगा. त्याचं गवात बंद करा. न्हाईतर दाबावरचा माणूस बदला. यातलं एकबी न्हाई केलं तर कोळवणची हरेक गासडी चिरूनच घेणार आमी. चिरलेल्याचा भाव तुमाला ठावा हाय."

कोंडिबा खाली बसला. त्यानं गाठ अंगठ्यानं चाचपली. वेढा बरोबर होता, जास्तीचाही होता. फक्त टोक डावीकडून आत गेलेलं होतं.

त्याचा अंगठा तिथंच राहिला.

डावरं माणूस त्याच्या ओळखीत एकच होतं. घायपाताच्या वाखाची ही सुतळी मांडीवर वळणारी, त्याची बायको तुळजाबाई. सुतळी ताण खाते की नाही हे तिला कळावं म्हणून लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यानं तिला ही गाठ दाखवली होती. दुसऱ्या कुणाला नाही. "तुजी डावीच पडती की गं," म्हणून तो तेव्हा हसलाही होता.

आणि तो तापात पडला होता ते भाऊबीजेच्या सुमाराला. खीळ घरात कोनाड्यात होती. भिवाजी ओवाळून घ्यायला आला होता. दिवाळीतल्या पावसात ज्याचं कापलेलं गवत खाचरात पडून भिजलं, असा गावात भिवाजी एकटाच.

कोंडिबानं मान वर करून मेहुण्याकडे बघितलं. भिवाजी दांडीला चिकटलेली काडी नखानं सोलत होता. कोंडिबा थांबला. बरंच थांबला. त्याला वाटलं, आता बोलेल. भिवाजीचं नाव आपण घ्यायला हरकत नव्हती, पण त्याला गाठ कुणी शिकवली हा पुढचा सवाल कुशातात्यांनी विचारलाच असता, आणि मग तुळजाबाईचं नाव या सगळ्यांच्या तोंडी झालं असतं.

"गाठ माझीच हाय," तो म्हणाला.

हैबतराव त्याच्याकडे बघत राहिले.

मग भिवाजीला कंठ फुटला. "तापात व्हते दाजी. तापात माणसाला वल्लं काय आन सुकं काय, काय कळतंय? मी म्हनलं व्हतं, ऱ्हाऊ द्या आज. पर दाजी ऐकतात व्हय कुणाचं?"

दोघंतिघं मान हलवू लागले. खरंच, तापच होता त्याला. कुशातात्यांनी उसासा टाकला आणि म्हणाले, "मग या सालापुरता दाब भिवाजीनं बघावा. घरचाच हाय, कामाचा म्हायतगार हाय."

भिवाजीनं नको म्हटलं नाही. खिळीसाठी त्यानं हात पुढं केला.

कोंडिबा घरी आला तेव्हा तुळजाबाई पडवीत वाख पिंजत होती. त्याच्या हातात खीळ नाही हे तिनं आधी बघितलं, मग तोंड.

"बारा गासड्या," तो म्हणाला. "डाव्या अंगानं."

तिच्या हातातला वाख खाली पडला. "भिवाजी पाटावर बसून रडला वो," ती म्हणाली. "म्हनला, आक्का, औंदा ओवाळणी घालायची सोड, मीच मागाय आलोय. समदं गवात कुजतंय म्हनला. वरनं वाळल्यालं दिसत व्हतं. मला वाटलं, बारा गासड्या, कोन बघतंय. खीळ घेतली आन रातच्याला गेले त्येच्यासंगट."

"कोन बघतच न्हाई. म्हणून तर ती गाठ व्हती."

"तो म्हनला व्हता, वेळ आली तर मी सांगंन, तुमच्यावर येऊ देनार न्हाई."

"वेळ आली व्हती. मी तितंच व्हतो."

तुळजाबाई उठली, पदर खोचला. "मी जाते. तात्यांला सांगते, मी बांधल्या."

"आन मी चारचौघांत खोटं बोललो, तेबी सांग."

ती उंबऱ्यापाशी उभी राहिली. पुढं गेली नाही, मागंही आली नाही.

"मला इचारायचं तरी," कोंडिबा म्हणाला. "मी काय मेलो व्हतो? हातभर अंतरावर पडलो व्हतो मी."

ती मागं फिरली आणि खाली पडलेला वाख गोळा करू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकडून दाबाचा आवाज आला. कोरडा, कुरकुरता. थोड्या वेळानं तो थांबला आणि भिवाजी सुतळी न्यायला आला. पडवीच्या खालीच उभा राहून त्यानं आधी वातावरणाचा अंदाज घेतला.

"आक्का, सुतळी दे गं."

तुळजाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. कोंडिबा विळ्याला धार लावत होता. आजपासून तो रानात रोजानं गवत कापायला जाणार होता. "दे," तो म्हणाला. "सोसायटीची हाय ती."

तिनं गुंडा दिला. भिवाजी घुटमळला. "दाजी, मळसूत्र लई वरडतंय."

"करंजाचं तेल घाल. जरा कोमट करून. आदी भुसा काढ, मग तेल. न्हाईतर आटे झिजतील."

"व्हय." तरी तो गेला नाही. "आन ती गाठ बी दाखवा की येकदा. आक्कानं दावली तशी डावी पडती माझी. आता मलाच बांधायचं हाय तर उजवीच बरी."

म्हणजे बाराच्या बारा तुळजाबाईनं बांधलेल्या नव्हत्या. कोंडिबानं तिच्याकडे बघितलं. तिनं खाली बघितलं.

"किती तू बांधल्या आन किती ह्येनं?" त्यानं विचारलं.

"पहिली मी," ती म्हणाली. "मग त्येला जमाय लागली."

कोंडिबानं विळ्याच्या धारेवरून बोट फिरवलं. धार आली होती. तो उठला, विळा कमरेला खोचला.

"तुजी तू कायतरी गाठ काढ," तो भिवाजीला म्हणाला. "आन गासड्या चिरून घेऊ दे त्यांना. पाच-सा वर्सं चिरत्याल. मग इस्वास बसला की बंद करत्याल."

भिवाजीला ते पटलं की नाही, कळलं नाही. सुतळीचा गुंडा काखेत मारून तो ओढ्याच्या वाटेला लागला. कोंडिबा उलट्या दिशेनं टेकडी चढू लागला. तुळजाबाईनं मागून भाकरीचं फडकं घेऊन दोनदा हाक मारली. त्याला ती ऐकू गेली होती, पण तो वळला नाही.