माझे चार तुकडे होता होता राहिले

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. असे तसे नव्हे, दहा माणसे ऐसपैस बसतील एवढे लांबरुंद. शिंपीकाकांनी मला कापड बेतायला करून घेतले. माझ्यावर नवरदेवांचे कोट बेतले गेले, शाळेचे गणवेशही. येणारा-जाणारा माझी वाहवा करायचा.

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले. गल्लीतली माणसे सकाळीच दूरच्या ऑफिसांना जात, ती अंधार पडल्यावर परतत. दुकाने ओस पडली. काका वारले आणि माझ्यावर धूळ साचली. मला फार एकटे वाटे.

मग ऑफिसांनी घरूनच काम करायला सांगितले. घरात पोरांचा दंगा, भांड्यांचा खडखडाट! शिंपीकाकूंनी दुकान उघडले, मला लख्ख पुसले आणि गल्लीला सांगितले, "या, इथे बसा." गल्ली भरदिवसा गजबजली. न्हाव्यानेही पुन्हा दुकान थाटले.

पण एका टेबलावर सगळ्यांच्या मीटिंगा म्हणजे नुसता गलका. कुरबुरी ऐकून काकूंनी एका दुपारी विचारले, "काय रे, टेबलाचे चार तुकडे करून वेगवेगळी टेबलं करू का?"

नकाशे काढणारा दादा म्हणाला, "हो हो, चालेल की!"

भाषांतर करणारी ताई म्हणाली, "उद्याच करून टाकू."

काकू लगेच सुताराकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सुतार करवत घेऊन हजर! ताई दारातूनच ओरडली, "अहो काकू, हे काय?"

"आता गं! काल तुम्हीच हो म्हणालात ना?"

"मी साहेबांना म्हणत होते! कानात इयरफोन होते."

"मीही," दादा ओशाळून म्हणाला.

सुतार वैतागला. "मग कापू, की जाऊ घरी?"

"नका कापू," ताई म्हणाली. "वेगळं टेबल घरी आहेच की. तिथं मी एकटीच, दिवसभर कुणाशी एक शब्दही बोलणं होत नाही, म्हणून तर इथं येते."

मग काकूंनी कपडे घालून बघायची खोली उघडली. "ज्याला मीटिंग असेल, त्यानं इथं जायचं."

सुताराने त्या खोलीला जाड दार बसवले आणि माझा डुगडुगता पायही ठोकून दिला. मी आजही अखंड आहे, भरलेले आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू मोडण्याआधी पुसून बघा. आणि शेजारचे माणूस काही विचारत असेल, तर आधी कानातले काढा, मगच हो म्हणा. त्या एका शब्दावर कुणाचा जीव टांगलेला असेल, सांगता येत नाही.